हॉट टब पारखायचा तर आधी त्याची पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन टब पसंत पडलेत, दोन्ही सहा जणांचे, दिसायला जवळपास सारखे, ठेवायचे कदाचित गच्चीवर. एकात ७२ जेट (पाण्याचा झोत मारणारी तोंडं), रंगीत दिवे आणि स्पीकर आहेत. दुसऱ्यात जेट ३८ च, तरी तोच महाग. विक्रेता म्हणतो, जेट जास्त तितका टब दमदार. मग दुसऱ्याचे जास्त पैसे कशाचे, आणि घेण्याआधी दर्जा ओळखायचा कसा?

मी गेली १९ वर्षं टब बसवतो, आणि बसवण्यापेक्षा दुरुस्त जास्त करतो. त्यामुळे माझी नजर थोडी वाकडी झाली आहे. नवा टब दिसला की हा सहा वर्षांनी कुठून गळेल, हे मी आधी शोधतो. पण दर्जा ठरवायला हीच नजर कामाची, कारण पहिल्या वर्षी सगळेच टब चांगले असतात. पाणी गरम होतं, बुडबुडे येतात, पाहुणे खूश होतात. फरक पडतो तो नंतर: उष्णता धरून ठेवायला वीज किती लागते, आणि एखादा भाग बिघडला की तिथपर्यंत हात पोचतो का. या दोन्ही गोष्टी पाण्याच्या बाजूने दिसत नाहीत. त्या टबाच्या पाठीमागे असतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी मान्य करतो. टब थंड हवेत उघड्यावर राहणार असेल तर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर, सगळ्यात आधी. घरात राहणार असेल तर तेच दुय्यम, आणि आवाज महत्त्वाचा. रोज वापरणार असाल तर चांगल्या पंपाचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा वापरणार असाल तर कदाचित होणार नाहीत. आणि जवळपास कुणी हे काम जाणणारा मिस्त्री नसेल, तर ज्याचे सुटे भाग सहज मिळतात असा साधा टब हा उत्तम पण दुर्मीळ टबापेक्षा बरा.

आता दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य एवढंच: "बाजूचं पॅनेल उघडून दाखवता का?" साधारण चार ते आठ स्क्रू असतात, पाच मिनिटांचं काम. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं. पॅनेल निघालं की टॉर्च लावून वाका आणि सावकाश बघा. पाइप नीट आधार देऊन बांधलेत की लोंबकळताहेत? वायरी जमिनीपासून वर आहेत ना? प्रत्येक पंपाच्या दोन्ही बाजूंना पाणी बंद करायचे व्हॉल्व्ह आहेत का? हे व्हॉल्व्ह नसतील तर पंपाचं साधं सील बदलायलाही हजार-बाराशे लिटर पाणी सोडून द्यावं लागतं आणि ते पुन्हा भरून तापवावं लागतं. कारखान्याने वाचवलेले दोन व्हॉल्व्ह, भुर्दंड मात्र दर वेळी तुम्हाला. पंप आणि हीटर फिरकीच्या युनियनने जोडलेले असावेत, म्हणजे हाताने सैल करून काढता येतात. गोंदाने चिकटवलेले असतील तर पाइप कापूनच काढावे लागतात. आणि पॅनेल चारही बाजूंचं निघतं का, हे विचारा. एकाच बाजूचं निघत असेल तर गळती उरलेल्या तीन बाजूंपैकी एकीकडे होणार, असा माझा अनुभव आहे.

पॅनेलमागे पिवळसर फोम दिसेल. इथे आमच्या धंद्यात दोन तट आहेत. एक प्रकार म्हणजे शेल (पाणी भरतं ते आतलं भांडं) आणि बाहेरचं आवरण यांमधली सगळी पोकळी पॉलियुरेथेन फोमने भरायची. दुसरा म्हणजे फक्त आवरणाच्या आतल्या बाजूला थर द्यायचा आणि मधली हवा पंपाच्या उष्णतेने ऊबदार ठेवायची. पूर्ण भरलेला फोम थंड हवेत उष्णता छान धरतो आणि पाइपांना घट्ट आधार देतो, हे खरं. पण गळती झाली की तो आमचा छळ करतो. एकदा एका टबाखाली रोज बादलीभर पाणी साचत होतं. पाणी दिसायचं डाव्या कोपऱ्यात, म्हणून तिथून फोम कापायला सुरुवात केली. ओला फोम मूठमूठ ओढत, पाइपाच्या मागावर सरकत, संध्याकाळी उजव्या बाजूच्या एका जेटच्या मागे पोचलो. तिथे नळीच्या तोंडाला नखाएवढी चीर. भाग क्षुल्लक, बदलायला वीस मिनिटं. शोधायला अख्खा दिवस आणि फोमची तीन पोती. फोम पाणी शोषून इकडून तिकडे नेतो, त्यामुळे ओल जिथे दिसते तिथे गळती असेलच असं नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत टब उघड्यावर ठेवणाऱ्याला मी पूर्ण फोमचा सुचवतो, आणि इतरांना जाड कडेच्या थराचा. पण थर खरंच जाड हवा. चंदेरी कागदाची एक घडी लावून त्याला इन्सुलेशन म्हणणारेही आहेत, तिकडे पाठ फिरवा.

मग पंप. जेटच्या आकड्याचा निकाल इथेच लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पंप जेवढं पाणी ढकलतो तेवढंच सगळ्या जेटना वाटून मिळतं. ७२ जेटना एकच मध्यम पंप असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला गुदगुल्या करण्याइतकंच पाणी येतं. पंपावर मोठ्या अक्षरात "५ हॉर्सपॉवर" लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. मोटरला धातूची किंवा छापील पाटी असते, तिच्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. समजा २३० व्होल्ट आणि १० अँपिअर लिहिलंय. गुणाकार २३०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ही मोटर वीजच मुळात तीन हॉर्सपॉवरची खेचते आहे. त्यातली बरीच उष्णतेत जाते आणि मोटरच्या दांड्याला मिळते ती दोन-सव्वादोन. पाच कुठून येणार? सुरू होताना क्षणभर जो झटका बसतो, तो आकडा जाहिरातीत छापलेला असतो. खोटं म्हणता येत नाही, खरंही नाही. त्यामुळे दोन टबांची तुलना करताना दोन्हींच्या पाट्यांचे फोटो घ्या, प्रत्येक टबातल्या सगळ्या पंपांच्या वॅटची बेरीज करा आणि तिला जेटच्या संख्येने भागा. अगदी शास्त्रीय हिशोब नाही हा, कारण पाइपांची वळणं आणि जेटची तोंडं लहान-मोठी असतात. पण ३८ जेटवाला महाग का, याचा अंदाज दोन मिनिटांत येतो.

त्याच वेळी हेही विचारा की रोजचं पाणी फिरवून गाळायला वेगळा छोटा पंप आहे, की मोठाच पंप संथ गतीवर चालतो. दोन्ही चालतात. मात्र दिवसातून कित्येक तास चालणारा आवाज हाच असतो, म्हणून तो चालू करून, दुकानातलं संगीत बंद करायला सांगून ऐका. जोरात चालणाऱ्या जेटच्या गोंगाटाचा कुणाला त्रास होत नाही. रात्री दोन वाजता खिडकीखाली घुमणाऱ्या पंपाचा होतो.

कंट्रोल बॉक्सवर कुणाचं नाव आहे तेही टिपून घ्या. बालबोआ, गेको अशा कंपन्यांची कंट्रोलं अनेक टबवाले वापरतात. त्यांचं बटणांचं पॅनेल, सेन्सर, हीटर बाहेरही मिळतात. टबवाल्याचं स्वतःचं खास सर्किट असेल तर ते वाईटच असेल असं नाही, पण उद्या त्याने ते मॉडेल बंद केलं तर तुम्ही अडकलात. बोर्ड मिळत नाही एवढ्याच कारणाने चांगले धडधाकट टब भंगारात गेलेले मी पाहिलेत.

आता शेल. चांगल्या टबात अ‍ॅक्रिलिकचा पत्रा तापवून, साच्यावर हवा खेचून बसवतात आणि मागून फायबरग्लास व रेझिनचे थर देतात. पत्रा ताणला जातो तिथे पातळ होतो, म्हणजे खोल कोपरे, पायऱ्या आणि बैठकीच्या कडा. म्हणून कोरड्या टबात बूट काढून उतरा आणि नेमक्या याच जागी गुडघा टेकवून भार द्या. कुरकुर आली किंवा शेल दबलं तर मागचा थर तिथे कमी आहे. साच्यात फिरवून बनवलेले पॉलिथिलीनचे टबही असतात. ते दिसायला साधे, बैठका जेमतेम, पण दणकट. वारंवार जागा बदलायची असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. हवेने फुगवायचा टब मात्र "आपण हे खरंच वापरू का" एवढं तपासायलाच घ्यावा.

आणि झाकण! लोक टबासाठी महिनाभर हिंडतात आणि झाकण जे मिळेल ते घेतात. गरम पाण्याची उष्णता सगळ्यात जास्त वरून जाते, त्यामुळे वीजबिल वाढायचं की नाही हे बरंचसं झाकणावरच ठरतं. आत पांढऱ्या थर्माकोलसारख्या फोमचे दोन पाट असतात. ते मध्ये जाड आणि कडेला निमुळते हवेत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जातं. फोमची घनता विचारा. घनमीटरला १६ किलो हा हलका माल, २४ ते ३२ किलो चांगला. प्रत्येक पाट जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद आहे का, हे चेन उघडून बोटाने चाचपून बघा. ते सील फाटलं की वाफ आत शिरते आणि फोम पाणी पिऊ लागतो. दोन माणसांना उचलेना असं झाकण मी कितीदा तरी उतरवलंय. अशा झाकणाचं इन्सुलेशन संपलेलंच असतं, वर ते उचलताना पाठ धरते ती वेगळीच. मधल्या बिजागरीच्या घडीत फोमची पट्टी हवी, नाहीतर वाफ तिथूनच निसटते. चालू टबाचं झाकण बंद करायला लावा आणि कडेने, घडीवरून तळहात फिरवा. जिथे ऊब लागते तिथून तुमचे पैसे जाताहेत.

उष्णतेचा हिशोब एकदा समजला की विक्रेत्याचे दावे तुम्हीच तपासू शकाल. १२०० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण १.४ युनिट वीज लागते. १५ अंशांचं पाणी ३८ वर न्यायचं म्हणजे २३ अंश, सुमारे ३२ युनिट. ३ किलोवॅटचा हीटर असेल तर अकरा तासांच्या आसपास. "तासाभरात तापतो" असं कुणी म्हणालं तर हसून पुढे चला. हाच हिशोब उलटा लावा: वीज पूर्ण बंद करून, झाकण लावून टब २४ तास ठेवला आणि तापमान ४ अंश उतरलं, तर त्या हवेत रोजचा खर्च साडेपाच युनिटच्या जवळपास. ही चाचणी करू देणारे विक्रेते थोडेच, पण विचारायला काय जातं? दोन टब एकाच दुकानात, एकाच रात्री तपासता आले तर आणखी उत्तम, कारण बाहेरच्या हवेचा फरक निघून जातो. मात्र पाणी कमी-जास्त असेल तर नुसते अंश पाहू नका, लिटरने गुणा.

यानंतर पाण्यात उतरायचं. घोडामैदान जवळच आहे, मग कोरड्या टबात बसून का ठरवायचं? पोहण्याचे कपडे घेऊन जा आणि घरातली सगळी माणसं न्या. पण उतरण्याआधी विक्रेत्याला पाण्याची पट्टी-चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. क्लोरीन असेल तर किमान ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम), ब्रोमीन असेल तर किमान ४, आणि पीएच ७ ते ७.८. हा माझा सोवळेपणा नाही. लिजिओनेला हा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि जेटमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबामुळे अशी साथ पसरली आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. तो टब नुसता दाखवायला ठेवलेला होता. आजारी पडलेल्यांत बहुतेक नुसते जवळून चालत गेलेले प्रेक्षक होते. शिवाय या चाचणीत एक गोष्ट आपोआप कळते. जो स्वतःच्या दुकानातलं पाणी सांभाळत नाही, तो तुमचा टब काय सांभाळणार?

पाण्यात बसल्यावर पहिली युक्ती: हवेची बटणं बंद करा. जेटमध्ये पाणी अरुंद तोंडातून वेगाने जाताना स्वतःच हवा ओढून घेतं, त्यातून तो फेसाळ मारा तयार होतो. हवा मिसळली की कमजोर जेटही जोरदार भासतो. हवा बंद केल्यावर जो उरतो तो पंपाचा खरा जोर. तळहात जेटपासून वीतभर लांब धरा. मग सगळे जेट एकदम उघडून तेच पुन्हा करा. एका बैठकीत जोर चांगला आणि सगळे उघडले की मरगळ, असं होत असेल तर सहा जण बसल्यावर काय होईल ते दिसलंच.

मग वीस मिनिटं नुसते बसा. पाच मिनिटांत सगळ्या बैठका सुखाच्या वाटतात. बुटक्या माणसाचं नाक पाण्यात जातं का, उंच माणसाचे खांदे उघडे पडतात का, हे सावकाश कळतं. झोपायची बैठक दिसायला मोहक असते, पण बऱ्याच जणांना त्यावर पाणी वर उचलतं आणि पाय अडकवून धरून राहावं लागतं. माझ्या ओळखीत अशी बैठक घेऊन नंतर तिच्यावर फक्त टॉवेल ठेवणारी माणसं बरीच आहेत. "सहा जणांचा" म्हणजे कागदावर सहा. पाय एकमेकांना लागू नयेत असं वाटत असेल तर दोन वजा करा.

सुरक्षेत एक गोष्ट मी सोडत नाही. प्रत्येक पंपाला पाणी ओढायची तोंडं किमान दोन, आणि एकमेकांपासून दूर हवीत. एकच असेल आणि ते अंगाने किंवा केसांनी झाकलं गेलं तर माणूस तिथे खिळून राहतो. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही ७ वर्षांची मुलगी हॉट टबच्या अशाच तोंडाशी ओढली जाऊन बुडाली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे या तोंडांवरच्या जाळ्यांबद्दलचा कायदा झाला. म्हणून जाळ्या हलवून बघा: घट्ट आहेत, फुगीर आहेत, तडकलेल्या नाहीत ना. तापमान ४० अंशांच्या वर जाता कामा नये. विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

तुम्ही गच्चीचाही उल्लेख केलाय. रिकामा टब ३५० किलो, पाणी १२०० किलो आणि सहा माणसं ४२० किलो धरली तर जवळजवळ दोन टन होतात. २.१ मीटर चौरस टब असेल तर चौरस मीटरला साधारण ४५० किलो. घरांच्या स्लॅबवर वापराचा भार बहुधा २०० किलोच्या आसपास धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. शिवाय भिंतीपासून हातभर-दीड हात जागा सोडा. नाहीतर तुम्ही कौतुकाने उघडून पाहिलेलं पॅनेल पुन्हा कधीच उघडणार नाही.

वॉरंटीत वर्षांचा आकडा शेवटी वाचा. आधी वाचायचं ते हे: शेल फुटण्याची हमी आणि शेलच्या पृष्ठभागाची हमी वेगळी आहे का, पंप-हीटरला किती, मजुरी धरलीय का, आणि येण्याजाण्याचा खर्च कुणाचा. "१० वर्षं" फक्त शेलच्या सांगाड्याला असतात, आणि सांगाडा सहसा बिघडत नाही. रिकामा टब उन्हात राहिल्यामुळे आलेले फोड बहुतेक हमींत बसत नाहीत. म्हणून टब घरी आल्यावर आठ दिवस अंगणात तसाच पडू देऊ नका.

दिवे, स्पीकर आणि कारंज्यांबद्दल मी काही लिहिलं नाही. हवे असतील तर घ्या. पाण्यातला स्पीकर मी आजवर बरेच बदलले आहेत, एवढंच सांगतो.

ऐकीव माहितीवरून निवडायचं तर माझा कल ३८ जेटकडे आहे, पण त्याच्या पंपाची पाटी पाहिल्याशिवाय घ्या म्हणणार नाही. शनिवार-रविवारी दुकानात गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, टॉर्च आणि पोहण्याचे कपडे बरोबर न्या. दोन्ही टबांच्या पाट्यांचे, पॅनेलच्या आतले आणि झाकणाच्या घडीचे फोटो इथे टाका. त्यानंतर ठाम काय ते सांगतो.